बेरोजगार तरुणांना घरभाड्यासाठी शासनाने वेगळी मदत द्यावी का?

मूळ मांडणी : अभ्यासिकाचालक, नवी पेठ, पुणे

गेल्या महिन्यात परभणी जिल्ह्यातील एका मुलाने माझ्या अभ्यासिकेतील लॉकरची किल्ली परत आणून दिली. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि त्याची तयारी चांगली होती, हे मी रोज पाहत होतो. अभ्यासिकेची फी थांबवतो, असे मी त्याला सांगितले. पण त्याची अडचण माझ्या फीची नव्हती. सदाशिव पेठेत तो कॉट बेसिसवर राहत होता. दहा बाय बाराच्या खोलीत चार लोखंडी कॉट, प्रत्येक कॉटखाली एक पेटी आणि भिंतीच्या दोन खिळ्यांना बांधलेली कपड्यांची दोरी, एवढ्या जागेचे प्रत्येकी ३,५०० रुपये भाडे दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत द्यावे लागते. दोन महिन्यांचे भाडे थकले होते आणि गावाकडून आणखी पैसे मागण्याची त्याची हिंमत नव्हती.

हाच मुलगा पदवीच्या वर्गात असताना त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा लाभ मिळत होता. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून ही योजना सुरू आहे. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे एकूण ६०,००० रुपये त्यात मिळतात. निवासाच्या रकमेचे बारा भाग केले तर महिन्याला सुमारे १,६६७ रुपये होतात, म्हणजे आजच्या कॉटचे अर्धे भाडेही त्यातून निघत नाही. तरीही तो मोठा आधार होता. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आधार योजना आहे, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाने निर्वाह भत्ता आहे. या सर्व योजना महाविद्यालयातील प्रवेशाला बांधलेल्या आहेत. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की विद्यार्थी हा शब्द गळून पडतो, त्याच्यासोबत मदतही थांबते, आणि नेमकी त्याच दिवसापासून बेरोजगारी सुरू होते. ज्या काळात भाडे भरणे सर्वांत अवघड असते, त्या काळासाठी आपल्याकडे काहीच तरतूद नाही.

त्यातच परीक्षांच्या तारखा उमेदवाराच्या हातात नसतात. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली आणि मुले शास्त्री रस्त्यावर उतरली, हे मी माझ्या खिडकीतून पाहिले. त्या वेळी ती परीक्षा आठवड्याभरात झाली, पण त्याआधीच्या वर्षात ती अनेकदा पुढे गेली होती, आणि लांबलेल्या प्रत्येक महिन्याचे भाडे उमेदवाराच्या खिशातून गेले होते.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या, पदवी किंवा पदविका पूर्ण केलेल्या आणि महास्वयम् पोर्टलवर नोकरीसाठी नोंदणी केलेल्या तरुणाला, घर सोडून दुसऱ्या शहरात राहावे लागत असेल तर, शिक्षण संपल्यापासून जास्तीत जास्त बारा महिने, दरमहा २,५०० रुपये भाडेसाहाय्य द्यावे. बारा महिन्यांनंतर ते आपोआप बंद व्हावे.

प्रतिसाद : घरमालकीण, नारायण पेठ

आपली कळकळ मला पटते, पण प्रस्ताव पटत नाही. माझ्या तीन खोल्यांत अकरा मुली राहतात. यजमान गेल्यापासून माझे घर याच भाड्यावर चालते. कोणाचे भाडे कधी आले हे मी एका वहीत लिहून ठेवते. ती वही उघडून दाखवली तर प्रत्येक पानावर उशिरा आलेली दोन-तीन नावे दिसतील, आणि त्यांपैकी एकीलाही मी आजवर बाहेर काढलेले नाही. तेव्हा घरमालक म्हणजे पाच तारखेला दार वाजवणारा माणूस, एवढेच चित्र कृपया रंगवू नये.

माझी खरी हरकत पुढे आहे. शासन पैसे देणार म्हणजे पुरावा मागणार. पुरावा म्हणजे भाडेकरार. कॉट बेसिसवर कोणीही करार करत नाही, कारण मुली चार-सहा महिन्यांनी बदलतात. मग ज्या मुलीला हे साहाय्य हवे आहे, तिला करार मागणारी कटकटीची भाडेकरू समजून घरमालक आधीच नाही म्हणतील आणि ज्यांच्या घरून व्यवस्थित पैसे येतात, त्यांनाच जागा मिळेल. दुसरे असे की, २,५०० रुपये मिळतात हे एजंटांना कळायला एक आठवडाही लागणार नाही आणि पुढच्या महिन्यात ३,५०० ची कॉट ४,५०० ला जाईल. त्यापेक्षा हेच पैसे वसतिगृहे बांधण्यासाठी वापरावेत.

प्रतिसाद : अर्थशास्त्राचे अध्यापक, कोल्हापूर

काकूंनी अनुभवाने जे सांगितले, ते इतरत्र मोजले गेले आहे. फ्रान्समध्ये घरभाडे-साहाय्याची व्याप्ती वाढवली गेली, तेव्हा त्याचा भाड्यांवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास गॅब्रिएल फॅक या अर्थतज्ज्ञ संशोधिकेने केला. त्यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, साहाय्यात वाढलेल्या प्रत्येक युरोमागे सुमारे ७८ सेंट भाडेवाढीतून घरमालकांकडे गेले. कारण समजण्यास सोपे आहे : जागा तेवढ्याच राहतात, हातातील पैसा वाढतो आणि त्याच जागांसाठी चढाओढ लागते. सदाशिव पेठ किंवा नारायण पेठ येथे नव्या इमारतींना वाव फार थोडा आहे. त्यामुळे तेथे याहून वेगळे घडेल, असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

शिवाय शासन या वयोगटासाठी काहीच करत नाही, हे म्हणणे पूर्ण खरे नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १८ ते ३५ वयाच्या तरुणांना बारावीनंतर ६,०००, आयटीआय किंवा पदविकेनंतर ८,००० आणि पदवीनंतर १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन मिळते. त्यात हातात काम असते आणि अनुभवही मिळतो. सरळ भाडे वाटण्यापेक्षा त्या मार्गाची मुदत वाढवणे मला अधिक योग्य वाटते.

प्रतिसाद : पदविकाधारक, मूळची वाशीम जिल्ह्यातील, सध्या भोसरी

ही चर्चा केवळ स्पर्धा परीक्षेपुरती राहू नये, म्हणून लिहीत आहे. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे आणि चाकणच्या कारखान्यांत नोकरी शोधत आहे. मुलाखतीचा फोन संध्याकाळी येतो आणि सकाळी नऊला दारात हजर राहावे लागते. वाशीमहून ते शक्य नाही, म्हणून नोकरी मिळण्याआधीच इथे राहणे भाग आहे. ज्या प्रशिक्षण योजनेचा उल्लेख सरांनी केला, ती मी पूर्ण केली. तिची मुदत आधी सहा महिने होती, नंतर पाच महिन्यांनी वाढली; अकरा महिने संपल्यावर मी पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहिले.

दरमहाच्या भाड्यापेक्षा मला सर्वांत जड गेली ती खोली मिळवतानाची रक्कम. दोन महिन्यांचे डिपॉझिट, एका महिन्याचे आगाऊ भाडे आणि एजंटचे एक महिन्याचे कमिशन असे चार महिन्यांचे पैसे, एक रुपयाही कमावलेला नसताना, एका दिवशी मोजावे लागले. आईने त्यासाठी कानांतली फुले गहाण ठेवली. ती अजून सुटलेली नाहीत.

काकूंचा मान राखून एक गोष्ट नमूद करते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसे न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि करार नोंदलेला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे करार नसणे घरमालकाच्याही हिताचे नाही. आमच्यासारख्यांना तर पत्त्याचा पुरावा म्हणूनही तो हवाच असतो.

प्रतिसाद : शेतकरी, औसा तालुका

माझा मुलगा दोन वर्षे पुण्यात होता. दर महिन्याला मी पैसे पाठवले, त्यापायी एक बैल विकला. तरीही माझा या योजनेला विरोध आहे. पुण्यात राहणाऱ्याला भाडे मिळते म्हटल्यावर गावातले उरलेले पोरगेही पुण्याची गाडी धरील. तेवढ्याच पैशात औशाला रात्रभर उघडी राहणारी अभ्यासिका द्यावी, लातूरला परीक्षा केंद्रे वाढवावीत आणि मुलाखती जिल्ह्याच्या ठिकाणी घ्याव्यात. पोराला घरची भाकरी मिळेल आणि भाडे द्यावेच लागणार नाही.

प्रतिसाद : गृहसाहाय्य विभागातील कर्मचारी, इंग्लंड

मी मूळची साताऱ्याची आहे आणि येथील एका नगरपालिकेत भाडेसाहाय्याच्या अर्जांवर निर्णय घेण्याचे काम करते. इथला अनुभव तुमच्या वादातील दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल, असे वाटते.

येथे बेरोजगार माणसाला मूळ भत्त्यासोबत घरभाड्याचा भाग मिळतो, पण एकटा आणि ३५ वर्षांखालील असेल तर तो भाग एका सामायिक घरातील एका खोलीच्या दरानेच धरला जातो. ही मर्यादा पूर्वी २५ वर्षांपर्यंत होती, ती २०१२ मध्ये ३५ वर नेली. मूळ भत्ताही २५ वर्षांखालील व्यक्तीला कमी असतो. प्रत्यक्ष भाडे आणि मिळणारी रक्कम यांत जी तूट राहते, तिच्यासाठी नगरपालिकेकडे वेगळी विवेकाधीन मदत मागता येते. २००१ पासून ही सोय होती. एप्रिल २०२६ पासून इंग्लंडमध्ये ती एका व्यापक संकटनिवारण निधीत सामील करण्यात आली आहे. ही मदत हक्क म्हणून मिळत नाही; निधी ठरावीक असतो आणि मुदत बहुधा काही महिन्यांची असते. मात्र डिपॉझिट आणि आगाऊ भाडे यांसाठीही ती देता येते, आणि वाशीमच्या ताईंनी लिहिलेली अडचण माझ्या टेबलावर दर आठवड्याला येते.

एक इशाराही देते. एप्रिल २०१७ मध्ये येथील शासनाने १८ ते २१ वयाच्या नव्या अर्जदारांचा भाड्याचा भाग काही अपवाद सोडून बंद केला. तरुणांनी आईवडिलांकडे राहावे, हाच त्यामागचा विचार होता. ज्यांना परत जाण्यासारखे घर होते, त्यांचे निभावले. ज्यांना नव्हते, त्यांना आपण अपवादात बसतो हे सिद्ध करत बसावे लागले. पुढच्याच वर्षी शासनाने तो निर्णय मागे घेतला. औशाच्या दादांचे घर मुलासाठी उघडे आहे, पण प्रत्येकाचे तसे नसते.

मूळ लेखकाचे उत्तर

अध्यापकांचा आकडा मी गंभीरपणे घेतो आणि माझ्या प्रस्तावात बदल करतो. दरमहा सर्वांना सरसकट रक्कम दिली तर भाडे चढेल, हे मान्य आहे. म्हणून पहिली मदत डिपॉझिटची असावी : शासनाने दोन महिन्यांची रक्कम हमी म्हणून ठेवावी, खोली सोडताना ती परत शासनाकडे यावी आणि पुढच्या तरुणाला वापरता यावी. दरमहाची मदत मात्र नोकरी गेलेल्या, प्रशिक्षणाची मुदत संपलेल्या किंवा जाहीर परीक्षा शासनाने पुढे ढकलल्यामुळे अडकलेल्या उमेदवारांपुरती ठेवावी. परीक्षा लांबवण्याचा निर्णय शासन घेते, तर त्या महिन्यांचे भाडे शासनाने सोसणे मला न्याय्य वाटते.

औशाच्या दादांना एवढेच सांगतो की, १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली रोजगार हमी पुढे चालावी म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला आणि शहरातील पगारदारांनी गावातील मजुरांच्या कामासाठी तो भरला. तेव्हा काम गावात द्यावे लागत होते, कारण मजूर तिथे होते. आज तुमचा मुलगा काम शोधत शहरात आला आहे. तालुक्याला अभ्यासिका व्हावी, ही तुमची मागणी मी मनापासून उचलतो, कारण माझ्याकडे बसणारी निम्मी मुले त्यामुळे घरी राहू शकतील. चाकणचा कारखाना मात्र औशाला येणार नाही.

प्रतिसाद : घरमालकीण, नारायण पेठ

कलम ५५ मला ठाऊक नव्हते, असे नाही. त्याचा धाक मनात असतोच. डिपॉझिटची हमी शासन घेणार असेल, तर माझा विरोध बराचसा मावळतो, कारण मुलगी अचानक गेली आणि वीजबिल राहिले, हीच माझी खरी भीती असते. पण एका गोष्टीचे उत्तर प्रस्तावात असायला हवे. महापालिका हद्दीत एका कराराच्या नोंदणीचे १,००० रुपये, त्यावर मुद्रांक शुल्क आणि ते ऑनलाइन करून देणाऱ्याची फी द्यावी लागते. माझ्याकडे वर्षाला दहा-बारा मुली बदलतात. एवढे करार केले, तर तो खर्च मी सोसायचा की मुलींनी? तो शासनाने माफ करावा, असे आपल्या प्रस्तावात लिहा. मग माझ्या अकरा मुलींपासून सुरुवात करायला माझी तयारी आहे.