मदत हवी आहे: प्रीकास्ट पिअरच्या स्लीव्हमधलं ग्राउट पूर्ण भरलंय का, हे न फोडता कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी,

मी पुलाच्या कामावर क्वालिटी बघतो. पिअर (पुलाचे खांब) यार्डात ओतून आणलेत. फूटिंगमधून (पायातून) वर आलेल्या सळया पिअरच्या बुडातल्या पोलादी स्लीव्हमध्ये (नळकांड्यांत) बसतात, खालच्या तोंडातून ग्राउट (सिमेंटचा पातळ मसाला) पंप करायचं आणि वरच्या तोंडातून सलग धार आली की बूच मारायचं.

एका पिअरला पंपिंग चालू असताना बुडाच्या सीलमधून ग्राउट गळायला लागलं. ठेकेदाराच्या माणसांनी झटपट सेट होणारा मसाला थापून गळती बंद केली, काम पुढे रेटलं आणि रजिस्टरला 'सर्व स्लीव्ह भरल्या' अशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी मी वरचं एक बूच काढून बाइंडिंग वायर आत सरकवली. ती कुठेही ग्राउटला न अडता थेट सळईवर जाऊन टेकली. बाहेर काढली तर टोक स्वच्छ, कोरडं. म्हणजे बूच मारल्यानंतर पातळी खाली उतरली आहे.

या जोडात पिअरची झाडून सगळी मुख्य सळई एकाच पातळीवर जोडलेली असते. स्लीव्हच्या खालच्या अर्ध्यात फूटिंगची सळई, वरच्या अर्ध्यात पिअरची. पोकळी राहते ती वर, म्हणजे पकड सुटते ती पिअरच्या सळईची, आणि भूकंपात सर्वांत जास्त मोमेंट (वाकवणारा जोर) नेमका याच बुडात येतो. बाहेरून मात्र काँक्रीट गुळगुळीत, एक भेग नाही. वेल्समधला इनिस-अ-ग्वास पूल १९८५ मध्ये कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळला, तोही सेगमेंटच्या (जोडलेल्या काँक्रीटच्या तुकड्यांच्या) जोडांमध्ये आतल्या ताणलेल्या केबल गंजल्यामुळे. प्रकार वेगळा, पण जोडाच्या आतलं दिसत नाही हे दुखणं तेच.

आतापर्यंतचा विचार असा. जीपीआरचा (काँक्रीटच्या आत बघणाऱ्या रडारचा) उपयोग नाही, रडारच्या लहरी पोलादावरूनच परततात. स्लीव्हऐवजी प्लास्टिकचा डक्ट (नळी) असता तर गोष्ट वेगळी. अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी (ध्वनिलहर आतून किती वेगाने जाते ती) घेतली, पण लहर स्लीव्हच्या भिंतीतून आणि शेजारच्या सळयांतून वाट काढते, त्यामुळे भरलेल्या आणि संशयित स्लीव्हच्या रीडिंगमध्ये भरवशाचा फरकच पडत नाही. इम्पॅक्ट इको (ठोका मारून परतणारी लहर मोजणं) स्लॅबमधल्या पोकळीला उत्तम, पण इथे पोकळी सळई आणि स्लीव्ह यांच्यामधल्या अरुंद फटीत आहे. रेडिओग्राफीसाठी (एक्स-रेसारख्या फोटोसाठी) पिअरची जाडी जास्त, शिवाय समोरासमोरच्या स्लीव्ह फिल्मवर एकमेकींवर येतील.

कुणी प्रत्यक्ष असं काम केलंय का? बाकीच्या स्लीव्ह कशा तपासू?

प्रतिसाद १

बाहेरून लहरी सोडण्याआधी तुमच्याकडे असलेली वाट वापरा. वरची तोंडं म्हणजे तयार खिडक्याच आहेत. सगळी बुचं काढा आणि बारीक बोअरस्कोप (भोकातून आत बघायचा कॅमेरा) आत घाला. तोंडापासून स्लीव्हपर्यंतची नळी ग्राउटने भरलेली दिसली म्हणून स्लीव्ह भरली असं धरू नका. नळीतलं ग्राउट तिथेच सेट होतं आणि आतली पातळी नंतर उतरलेली असू शकते. अशा ठिकाणी नळीच्या रेषेतच बारीक ड्रिल मारून स्लीव्हच्या आत पोहोचा, पण सळईला बिट लागण्याआधी थांबा. हे शंभर टक्के विनाविध्वंसक नाही, पण काँक्रीटला हात लागत नाही आणि उत्तर डोळ्यांनी दिसतं.

इम्पॅक्ट इको किंवा अल्ट्रासॉनिक टोमोग्राफी (ध्वनिलहरींवरून आतलं चित्र काढणं) करायचीच असेल तर आधी तशाच स्लीव्हचा, तेवढ्याच कव्हरचा (बाहेरच्या काँक्रीटच्या थराचा) नमुना ओता. एक स्लीव्ह भरलेली, एक अर्धी, एक रिकामी. त्यात फरक दिसला तरच पिअरवरच्या रीडिंगला अर्थ आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार. बोअरस्कोप मागवतो आणि नमुना ओतायला यार्डाला सांगतो. आणखी एक विचारायचं होतं: पोकळी सापडली तर त्याच तोंडातून पुन्हा भरताना आतली हवा कुठून बाहेर काढायची? खालचं तोंड तर आता बंद झालंय.

प्रतिसाद १

तोंडापेक्षा बारीक नळी पोकळीच्या तळापर्यंत घाला आणि तिच्यातून हळूहळू भरा. हवा नळीच्या बाजूने त्याच तोंडातून बाहेर पडते. बाहेर ग्राउट दिसू लागलं की पंप चालू ठेवूनच नळी मागे ओढा. पुढच्या पिअरना वरच्या तोंडावर पारदर्शक, वर वळलेली नळी लावा आणि ती ग्राउटने भरलेली ठेवा. गळती झालीच तर नळीतली पातळी उतरताना दिसेल, आणि ग्राउट ओलं आहे तोवर पुन्हा पंप करता येईल.