५०० चौ. फुटांत पाच माणसं: भिंत पाडावी का, आणि सासूबाईंना कुठली खोली?

ओसरी:
नमस्कार मंडळी. पुनर्विकासात टू बीएचके मिळालाय, कार्पेट ५०० चौ. फूट. आम्ही दोघं, सासूबाई (७६, वॉकर लागतो), दहावीतली मुलगी, सहावीतला मुलगा. आत शिरलं की हॉल १०×१४, डावीकडे स्वयंपाकघर ७×९, मग पॅसेज. त्यात कॉमन टॉयलेट ४×७ आणि शेवटी दोन बेडरूम, ९×१० आणि १०×१०. मोठीला अ‍ॅटॅच्ड टॉयलेट. इंटिरियरवाला म्हणतो, हॉल-किचनमधली भिंत काढा आणि सासूबाईंचा दिवाण हॉलमध्ये टाका. दोन्ही पटत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

ओळंबा:
आधी भिंत कशाची आहे ते बघा. हल्लीच्या टॉवरमध्ये बऱ्याचदा मायव्हनचं काम (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेलं काँक्रीट) असतं. त्यात आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि भार घेणाऱ्या असतात. तिथे पाडणं सोडाच, वायरिंगसाठी झिरीसुद्धा मारायची नाही. न दिसणाऱ्या कोपऱ्यात ६ मिमीचं भोक पाडून बघा. लाल भुकटी आली तर वीट. बिट सहज आत गेलं आणि पांढरट पीठ निघालं तर एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा). ड्रिल अडखळलं आणि राखाडी धूळ आली तर काँक्रीट, विषय संपला. भोक हा नुसता अंदाज असतो. सोसायटीकडचा स्ट्रक्चरल नकाशा बघून लेखी परवानगी मिळेपर्यंत हातोडा लावू नका.

समजा ब्लॉक निघाले, तरी अख्खी भिंत पाडायच्या मी विरोधात आहे. हॉलचा पंखा लागला की शेगडीची ज्योत वाकते, मग स्वयंपाक होईस्तोवर पंखा बंद आणि सगळे घामाघूम. फोडणीचा खाट सोफ्याच्या कापडात बसतो तो वेगळाच. त्यापेक्षा ४ फूट रुंद, ३ फूट उंच खिडकी काढा, जमिनीपासून ४२ इंचांवर. ओटा ३३ इंच धरला तर वर ९ इंचांची भिंत उरते, शिंतोडे अडतात. वर लिंटेल (उघड्या जागेवरची आडवी तुळई) हवंच, दोन्ही बाजूंना किमान ६ इंच टेकू देऊन. खर्च वाचवायला ते गाळलं की वर्षभरात कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात. काचेची सरकती झडप लावा. शेगडी या खिडकीखाली ठेवू नका.

काटकोन:
सासूबाईंना हॉल नको. हॉलमध्ये झोपणाऱ्याला स्वतःची वेळ राहत नाही. टीव्ही बंद होईल तेव्हा झोपायचं आणि दूधवाल्याची बेल वाजली की उठायचं. पाहुणे आले तर पडायचीही चोरी. शिवाय इथे रात्री टॉयलेटला जायला अख्खा पॅसेज चालावा लागेल. मोठी बेडरूम त्यांना द्या, सोबत नात. तुम्ही लहान खोलीत, मुलगा हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर.

६×६।। चा डबल बेड १०×१० मध्ये टाकला आणि २ फूट खोल कपाट लावलं की वॉकर फिरत नाही. ३×६।। चे दोन सिंगल घ्या, दोन भिंतींना लावून. मधे ४ फूट मोकळे राहतात. आणि कपाट पायथ्याकडच्या भिंतीला.

पाणीपट्टी:
टॉयलेटच्या दाराची चौकटीतली मोकळी रुंदी मोजा. नकाशात २।। फूट लिहिलेलं असतं, पण दार पूर्ण उघडूनही हातात २६ इंच येतात. साधा वॉकरच २४-२५ इंचांचा, त्यामुळे बोटं सोलतात. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर ते ढकलता येत नाही. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. कमोडशेजारी आडवा दांडा ३३ इंचांवर. ब्लॉकची भिंत असेल तर साधा प्लास्टिकचा गिट्टू वजनाला उपटून येतो, केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का बसवलेला बोल्ट) वापरा.

सकाळच्या भांडणांवर एक स्वस्त उपाय: कॉमन टॉयलेटमधलं बेसिन बाहेर पॅसेजच्या भिंतीवर घ्या, १२ इंच खोल चालतं. दात घासणाऱ्यामुळे अंघोळ अडत नाही. मात्र ते टॉयलेटच्या सामाईक भिंतीवरच हवं, म्हणजे पाइप भिंतीतून थेट आत जाऊन नहाणी ट्रॅपला (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याला) मिळतो. भिंत काँक्रीटची असेल तर नाद सोडा. जमीन फोडलीत तर वॉटरप्रूफिंग गेलं आणि खालच्यांच्या छताला ओल. फोडावीच लागली तर नवं वॉटरप्रूफिंग करून २४ तास पाणी तुंबवा, मगच लादी.

माळा_नको:
काटकोन यांच्याशी निम्मा सहमत. दहावीची मुलगी बारापर्यंत वाचणार आणि आजी पहाटे साडेचारला दिवा लावणार, महिनाभरात दोघी वैतागतील. खोली एकच राहू दे, पण अभ्यासाचं टेबल (३६×२२ इंच, उंची २९-३०) तिथे ठेवू नका. ते तुमच्या लहान खोलीत. साडेदहापर्यंत ती अभ्यासाची खोली, नंतर तुमची. परीक्षेच्या दिवसांत पुढचं वाचन डायनिंग टेबलावर. आजींच्या पलंगाशी उशाजवळ वेगळा स्विच आणि टॉयलेटपर्यंत पायाच्या उंचीवर छोटा दिवा.

ओसरी:
धन्यवाद! पण मुलगा हॉलमध्ये झोपणार, मग नवऱ्याचा रात्रीचा टीव्ही?

माळा_नको:
हेडफोन. आणि टीव्ही बेडरूमच्या सामाईक भिंतीवर टांगू नका, ब्रॅकेटमधून आवाज पलीकडे जातो. बाहेरच्या भिंतीवर टांगा, खिडकीला काटकोनात, नाहीतर काचेवर उजेड चमकतो.