लोकायुक्त कार्यालयात लॉ ऑफिसर म्हणून जावं का?

प्रश्न: नमस्कार मंडळी, जिल्हा कोर्टात १६ वर्षं प्रॅक्टिस झाली, आता लोकायुक्त कार्यालयासारख्या ठिकाणी फुलटाइम सिनियर लॉ ऑफिसर म्हणून जावं असं फार वाटतंय पण घरचे म्हणतात चालती प्रॅक्टिस मोडू नकोस. वकिलीच्या सनदेचं काय होतं? आणि तिथं वकिलाच्या हातात खरंच काही असतं का?

उत्तर १: ताई, आधी सनदेचं बघा. बार कौन्सिलचा नियम ४९, फुलटाइम पगारी नोकरी धरली की कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत प्रॅक्टिस बंद. सरकारी वकील कोर्टात उभे राहतात म्हणून त्यांचं वेगळं, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलंय. ऑर्डरमध्ये कामाचं स्वरूप नीट वाचा.

उत्तर २: मी अशाच एका कार्यालयात होतो. निम्मा वेळ तक्रार अधिकारक्षेत्रात बसते का, मुदतीत आहे का हे बघण्यातच जातो, महाराष्ट्राच्या १९७१ च्या लोकायुक्त कायद्यात गाऱ्हाण्याला (म्हणजे कारभारामुळे झालेला अन्याय) १२ महिने आणि आरोपाला (म्हणजे भ्रष्टाचार वगैरे) ३ वर्षं, आणि लोकांना हे माहीतच नसतं हो, पेन्शन अडकलेली माणसं दोन-दोन वर्षं खात्यात चकरा मारून मग आपल्याकडे येतात, तेव्हा उशिराचं सबळ कारण फाईलमधून शोधून काढणं हे तुमचं काम. लोकायुक्त शिफारसच करतात, खात्याने दाद दिली नाही तर राज्यपालांना विशेष अहवाल. म्हणून शिफारशीचा मसुदा असा हवा की खात्याला पळवाट उरू नये.

उत्तर ३: दादांशी सहमत. कोर्टात उलटतपासणी गाजते, इथं टिपणी. लिहायची आवड असेल तर जाच ताई.