आधी वायरीचं प्लस-मायनस बघा, ॲम्प (ॲम्प्लिफायर) नंतर
भाऊ, चोपडा गावातल्या घरी दोन्ही स्पीकर जोडले आणि आवाज मोठा येतो पण बेस (खालचे जाड सूर) पोकळ लागतो म्हणताय, आणि या चर्चेत वरती एकाने सरळ ॲम्प बदला सांगितलं. मला ते बिलकुल पटत नाही. एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागलं असेल तर एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि बेस आपसात कटतो, हीच लक्षणं आहेत. ॲम्प बंद करा, फक्त एकाच स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करा आणि ऐका, बेस भरला तर काम झालं. वायरीवर खूण नसेल तर ॲम्पकडून दोन्ही टोकं सोडवून 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, वूफर (बेसचा मोठा पडदा) बाहेर आला म्हणजे सेलच्या प्लसला लागलेली वायर स्पीकरच्या प्लसची.

टोक सोलताना साधारण 1 सेंमीच सोला आणि तारा नीट पिळा, एक जरी बारीक तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर शॉर्ट होऊन ॲम्पच जाईल, इथे घाई करू नका हो. आणि टर्मिनलमध्ये वायरीवरचं प्लास्टिक दाबलं जात नाही ना तेही बघा, बऱ्याचदा तिथेच गडबड असते.

वायर घ्यायला जळगावला गेलात तर पूर्ण तांब्याचीच मागा, वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली स्वस्त मिळते पण तिचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) जास्त. घरातल्या अंतराला 1.5 स्क्वेअर एमएम भरपूर झाली, महागड्या वायरीत पैसे घालू नका.