को-लोच्या कोटेशनमध्ये रॅक स्वस्त आणि बाकीचं महाग, असं का?

हाफ_रॅक
बीकेसीत एनएसईच्या को-लोमध्ये (को-लोकेशन, म्हणजे एक्स्चेंजच्याच डेटा सेंटरमध्ये आपले सर्व्हर) छोट्या प्रॉप डेस्कसाठी (स्वतःच्या पैशावर ट्रेडिंग) अर्धा रॅक घ्यायचा आहे. तुलनेला न्यूयॉर्कचं दरपत्रकही चाळलं. रॅकचं भाडं कळतं, पण पोर्टचा (एक्स्चेंजशी जोडणारी नेटवर्क लाइन) आकडा रॅकच्या दुप्पट? एक्स्चेंज नेमके पैसे कशाचे घेतं? आणि सुरुवातीला 1 जीचा (सेकंदाला 1 गिगाबिट) एकच पोर्ट घेऊन भागेल का?

क्रॉसकनेक्ट
रॅक म्हणजे नुसतं कपाट. विकली जाते ती वीज, आणि मॅचिंग इंजिनापर्यंतची (एक्स्चेंजची ऑर्डर जुळवणारी यंत्रणा) वाट. न्यू जर्सीतल्या मावाहच्या एनवायएसई (न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज) सेंटरमध्ये बरीच वर्षं चाललेला हिशेब बघा: कॅबिनेटचे एकदाच 5,000 डॉलर, मग दर किलोवॅटला महिना 4 ते 8 किलोवॅटपर्यंत 1,200 आणि 9 ते 20 ला 1,050. दर एकूण किलोवॅटवर ठरतो, त्यामुळे 8 चं बिल 9,600 आणि 9 चं 9,450! टप्प्याच्या कडेला असाल तर एक किलोवॅट जास्त मागा.

आता पोर्ट. त्याच पत्रकात 10 जी एलएक्स सर्किटचे (एक्स्चेंजच्या जलद नेटवर्कची जोडणी) सुरुवातीला 15,000 आणि पुढे दरमहा 22,000. दोन घेतले की 44,000. वीज कुणीही विकेल, पण ती वाट एकाच दुकानात मिळते. म्हणून तिथे असले दर एसईसीकडे (अमेरिकेचा बाजार नियामक) दाखल करावे लागतात.

एबी_फीड
अर्ध्या रॅकमध्ये सगळ्यात जास्त चूक होते ती विजेत. ए आणि बी असे विजेचे दोन फीड असतात. दोन्ही मीटर 60 टक्के दाखवतात आणि लोक निवांत बसतात. एक फीड गेला की सगळा भार दुसऱ्यावर, म्हणजे 120 टक्के. ब्रेकर पडतो आणि भर बाजारात रॅक काळोखात. नियम सोपा: दोन्हींचा मिळून भार एका फीडच्या 80 टक्क्यांत बसला पाहिजे, म्हणजे मीटर प्रत्येकी 40 च्या खाली.

टिकबायटिक
सेबीच्या एप्रिल 2018 च्या परिपत्रकानंतर टिक-बाय-टिक डेटा फीड (प्रत्येक ऑर्डर आणि सौद्याची नोंद) सदस्यांना फुकट आहे. पण फुकट आहे तो डेटा. तो पचवणारा पोर्ट, एनआयसी (नेटवर्क कार्ड) आणि सर्व्हर तुमचेच.

1 जीचा पोर्ट इथेच मार खातो. सरासरी बँडविड्थ बघून तो पुरेसा वाटतो, पण 1 जीमधून मिलिसेकंदाला जेमतेम 125 किलोबाइट जातात. 9:15 ला, बाजार उघडताना, त्याहून मोठा झटका आला की बफर भरतो आणि पॅकेट गळतात. हा फीड मल्टिकास्टनं येतो (एकच प्रवाह सगळ्यांना एकाच वेळी), आणि त्यात गळलेलं पॅकेट आपोआप परत येत नाही. सीक्वेन्स नंबरात फट दिसली की रिकव्हरीकडे मागायचं, आणि ते येईपर्यंत तुमचं ऑर्डर बुक (बाजारातल्या ऑर्डरींची यादी) खोटं. त्या बुकवर ऑर्डर टाकणाऱ्यानं पोर्टचे पैसे वाचवले असं मी तरी म्हणणार नाही.

एप्रिल 2014 आधी एनएसईचा हा फीड टीसीपीवर होता, म्हणजे प्रत्येकाला वेगळ्या जोडणीनं. सर्व्हर एकेका जोडणीला पाळीपाळीनं पाठवायचा, त्यामुळे आधी जोडला गेला त्याला आधी. ही रांग कुठल्याच दरपत्रकात नव्हती. काही दलालांना डेटा आधी मिळाल्याच्या आरोपाचं पुढचं को-लो प्रकरण उभं राहिलं ते यावरच.

बजेट खरंच तोकडं असेल तर सेबीच्या त्याच 2018 च्या परिपत्रकातली मॅनेज्ड को-लो बघा. व्हेंडर रॅक घेतो आणि सदस्यांना वाटून देतो. स्विच मात्र शेअर्ड आहे का ते लेखी विचारा.

क्रॉसकनेक्ट
जवळचा रॅक मिळावा म्हणून भांडू नका. फायबरमध्ये मीटरला साधारण 5 नॅनोसेकंद, म्हणजे 20 मीटरला 100. तुमचा सॉफ्टवेअर स्टॅक मायक्रोसेकंदांत असेल तर हे आकडे त्यात बुडून जातात. आणि कोटेशनवर 18 टक्के जीएसटी वेगळा धरा.

हाफ_रॅक
म्हणजे प्रत्येक फीड 3 केव्हीए मिळाला तर 80 टक्के 2.4, पॉवर फॅक्टर (केव्हीएचा प्रत्यक्ष वापरता येणारा भाग) 0.95 ने 2.28 किलोवॅट. 600 वॉटचे सर्व्हर 3 आणि स्विच 300 वॉटचा, एकूण 2.1. चौथा सर्व्हर बसत नाही, बरोबर?

एबी_फीड
बरोबर. फक्त सर्व्हरचे वॉट माहितीपत्रकातले नकोत, पूर्ण लोडवर मोजलेले घ्या.