रि: रि: रि: सेनेटर हॉलींना आभारपत्र – गुरुवार रात्रीपर्यंत कळवा

वैशाली (सचिव), सोमवार

नमस्कार मंडळी,

आपल्या मिसुरीचे सेनेटर जॉश हॉली यांच्या आभारपत्राचा मसुदा मागच्या मेलला जोडलाच आहे. गुरुवारी छापायला टाकायचाय, कारण ३० ऑगस्टला गणपतीच्या कार्यक्रमात रेकाच्या (किरणोत्सर्गामुळे आजारी पडलेल्यांना भरपाई देणारा केंद्राचा कायदा) टेबलावर प्रत लावायची ठरलं होतं. "आपण या विधेयकाच्या बाजूने ठामपणे उभे राहिलात" या ओळीवर मंदारने आक्षेप घेतलाय (विधेयक म्हणजे ट्रम्प यांचं २०२५ चं 'बिग ब्यूटिफुल बिल', ज्यात रेकाचा विस्तारही होता). कृपया तेवढ्या ओळीबद्दलच बोला. पार्किंगचा वेगळा धागा चालू आहे.

मंदार, सोमवार

ठामपणे?? हॉलीसाहेबांनी मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, की मेडिकेडची (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची) कपात नैतिकदृष्ट्या चूक आणि राजकीय आत्मघात आहे. १ जुलैला ती कपात असलेल्या बिलालाच मत दिलं. दोन आठवड्यांनी तीच कपात मागे घ्यायचं स्वतःचं वेगळं बिल आणलं. आमच्याकडे याला तळ्यात-मळ्यात म्हणतात.

आणि मत कसलं, तर सेनेटमध्ये ५०–५० झाल्यावर उपाध्यक्ष व्हान्स यांनी फोडलेलं. कॉलिन्स, टिलिस, पॉल हे त्यांच्याच पक्षाचे तिघे विरोधात गेले. चौथा निघाला असता तर बिल तिथंच पडलं असतं. मंडळाच्या लेटरहेडवर याचं कौतुक नको.

शरदकाका, सोमवार रात्री

मंदार, तू इथे आलास २०१४ ला. लेटरहेड कुठे वापरायचं हे आम्ही त्याआधीपासून ठरवत आलोय, तेव्हा जरा ऐक.

१९४२ पासून सेंट लुईस शहरात मॅलिनक्रॉटच्या कारखान्यात अणुबॉम्बसाठी युरेनियम शुद्ध व्हायचं. त्याचा किरणोत्सर्गी गाळ विमानतळाजवळ उघड्यावर टाकला, मग हेझलवूडला हलवला. पावसाने तो कोल्डवॉटर क्रीकमध्ये उतरला. आमची पोरं त्या ओढ्यात बेडूक पकडायची, आणि आम्ही काठावर बसून पोहे खायचो. कुणी एक पाटी लावली नव्हती.

आपला भाग रेकात आणणारा विस्तार मार्च २०२४ मध्ये सेनेटने ६९–३० ने मंजूर केला. हाउसमध्ये (संसदेच्या दुसऱ्या सभागृहात) तो मतदानालाच आला नाही, आणि जूनमध्ये जुना कायदाही संपला. या माणसाने पिच्छा सोडला नाही, शेवटी या मोठ्या बिलात घुसवून घेतला. ज्या गाडीत आपली ट्रंक चढवली, तीच गाडी रुळावरून कशी उतरवणार तो? चोराच्या हातची लंगोटी म्हण हवं तर, पण मिळाली ना?

डॉ. अंजली, मंगळवार

काका, ओढ्याबद्दल मला वाद नाही. पण गाडीत आणखी कोण बसलं होतं तेही बघा.

मी महिन्यातले दहा दिवस खाली बूटहीलमध्ये, मिसुरीच्या आग्नेय ग्रामीण कोपऱ्यात असते. प्रोव्हायडर टॅक्स म्हणजे काय, हे आपल्यातल्या कितींना माहीत आहे? राज्य हॉस्पिटलांकडून कर घेतं, तो स्वतःचा हिस्सा म्हणून दाखवून केंद्राकडून मेडिकेडचे जास्तीचे पैसे आणतं, आणि ते फिरून हॉस्पिटलांनाच मिळतात. त्या कराची मर्यादा ६ टक्के आहे. या बिलामुळे मिसुरीसारख्या, मेडिकेडचा विस्तार केलेल्या राज्यांत ती २०२८ पासून दरवर्षी अर्ध्या टक्क्याने उतरत ३.५ वर येणार. बदल्यात ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांचा ५० अब्ज डॉलरचा निधी. साहेबांच्या नव्या बिलात तो १०० अब्ज करायचाय. म्हणजे ५० अब्ज पुरणार नाहीत हे त्यांनाही कळतं!

गेल्या हिवाळ्यात एक बाई रात्री दोनला आली, कळा सुरू झालेल्या. आमच्याकडचा प्रसूती विभाग बंद. अँब्युलन्समध्ये नर्स एका बाजूला, मी दुसऱ्या, पुढचं हॉस्पिटल सव्वा तास. पोहोचलो, मूल सुखरूप. दर वेळी पोहोचूच असं नाही.

प्रकाश, मंगळवार

घरी पैसे पाठवण्यावरचा टॅक्स याच बिलात ना? आईला दर महिन्याला पाठवतो. ५ टक्के ऐकलं होतं.

मंदार, मंगळवार

प्रकाश, ५ चे हाउसमध्ये ३.५ झाले आणि शेवटी १. तोही रोख, मनीऑर्डर, कॅशियर्स चेक यांवरच, १ जानेवारी २०२६ पासून. बँक खात्यातून पाठवलंस तर लागत नाही.

प्रकाश, मंगळवार

मग ठीक. माझा पत्राला पाठिंबा.

दीपक (खजिनदार), बुधवार

आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था आहोत. उमेदवाराचा प्रचार चालत नाही, पण साहेबांची निवडणूक आता २०३० ला, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. मात्र "विधेयकाच्या बाजूने" लिहिलं तर अख्ख्या बिलाला मंडळाचा पाठिंबा असा अर्थ निघतो. तो ठराव कधी झाला? इतिवृत्तात नाही. "रेकाच्या विस्तारासाठी आभार" एवढंच लिहा.

ता.क. काका, बँकेत सही बदलायचं दोन वर्षं राहिलंय.

शरदकाका, बुधवार

बँकेचा विषय इथे काढायचं कारण समजलं नाही.

मालतीमावशी, बुधवार

लेकरांनो, मी सहसा लिहीत नाही. पत्रात काय लिहायचं ते लिहा, मला टेबलावर कोण बसणार तेवढं सांगा.

१९७९ ते ८४ आम्ही त्या ओढ्याजवळच्या फ्लोरिसंटला होतो, पिनकोड ६३०३१. माझं थायरॉईडचं ऑपरेशन ९८ साली झालं, कॅन्सरच होता. मुलीने वाचून दाखवलं की तो रेकाच्या यादीत आहे. भरपाई ५०,००० डॉलर किंवा उपचाराचा खर्च, जास्त असेल ते. पण तिथे किमान दोन वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. कागद सगळे हे सांभाळायचे. ते गेल्यावर घर बदलताना मीच पोती भरभरून टाकले. ती अपार्टमेंटंही पाडली.

शरदराव, मंडळाच्या दिवाळी डिरेक्टरीत आमचा पत्ता असायचा. तुमच्याकडे आहेत ना?

शरदकाका, बुधवार रात्री

वहिनी, आत्ताच बेसमेंटमधून वर आलो. १९८० ची वाळवीने खाल्ली. १९८१ आणि १९८३ च्या आहेत, सायक्लोस्टाइल. ८१ मध्ये पान ७, तुमचा पूर्ण पत्ता. पुढे कुणीतरी पेनने लिहिलंय, "मुंबईहून पापड आणून देतात".

डिरेक्टऱ्या घराबाहेर जाणार नाहीत. २००६ ला नेलेला अल्बम अजून परत आलेला नाही, नाव घेत नाही. स्कॅनर घेऊन इथे या.

वैशाली, गुरुवार

ओळ काढली, दीपकची घातली. मेडिकेडबद्दल मंदार आणि अंजली स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कागदावर वेगळं पत्र लिहिताहेत, मंडळाचा संबंध नाही.

मावशी, शनिवारी अकराला तुम्हाला घ्यायला येते, काकांकडे जाऊ. डिरेक्टरी पुरावा म्हणून चालेल का ते अर्ज भरताना विचारून घेऊ, सोबत मुलीचा शाळेचा दाखलाही मागवा. अर्जाची मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. हेझलवूड, मेरीलँड हाइट्सला राहिलेल्या आणखी कुणाला जुने पत्ते हवे असतील तर आजच कळवा. काका एकदाच बेसमेंट उघडणार आहेत.

मालतीमावशी, गुरुवार

येते. पापड नव्हे, कुरडया. आणि ते अक्षर शरदरावांचंच आहे.