सायकलच्या पिशवीत तुम्ही काय बाळगता? अनुभव लिहा

आज सीटखालची पिशवी धुवायला रिकामी केली. तळाशी सोल्युशनची ट्यूब सापडली. सील अजून शाबूत, पण दाबली तर आत सगळं वाळून कडक झालेलं. ती हातात घेतली आणि नऊ वर्षांपूर्वीची रात्र आठवली.

एकटीच होते. मागचं चाक बसलं. ट्यूब, टायर उचकटायचे लिव्हर, पंप, सगळं जवळ होतं. ट्यूब बदलली, हवा भरली, अर्धा किलोमीटर जाते न जाते तोच पुन्हा फुस्स. दुसरी ट्यूब नाही. ठिगळ लावावं तर सोल्युशन असंच वाळलेलं. समोरून एक वयस्कर सायकलस्वार आले, थांबले. म्हणाले, "ट्यूब राहू दे, आधी टायर दे." खिशातलं फडकं टायरच्या आतून गोल फिरवलं. एका जागी ते अडकलं. केसाएवढा तारेचा तुकडा रबरात उभा होता. मी तो तसाच ठेवून नवी ट्यूब घातली होती!

त्यांनी स्वतःजवळची ट्यूब दिली. पैसे घेईनात. "पुढे कुणाला तरी दे," एवढंच म्हणाले. तेव्हापासून दोन ट्यूब बाळगते, एक माझी आणि एक वाटेत भेटेल त्याची. आजवर तीन जणांना दिल्यात.

तुमच्या पिशवीत काय असतं, आणि ते तिथे का आलं, तेही लिहा.

मागचंचाक
फडक्याला +१. बोट फिरवू नका, माझं काचेने कापलंय.
एक सवय लावून घ्या. टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी येईल असा टायर चढवायचा. मग ट्यूबला भोक कुठे आहे त्यावरून टायरमध्ये कुठे शोधायचं ते लगेच कळतं. दोन भोकं शेजारी शेजारी असतील तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूबला चिमटा घेतला, एवढंच.

घाटवाट
ताई, वाचून गलबललं. मलाही एकाने ट्यूब दिली होती, पण जाड व्हॉल्व्हची. माझ्या रिमचं भोक बारीक, प्रेस्टाचं. जाईचना! बिचारा माझ्यापेक्षा जास्त हळहळला. उलटं असतं तर चालून गेलं असतं, बारीक व्हॉल्व्ह मोठ्या भोकात निदान वेळ मारून नेतो. आता व्हॉल्व्हवर चढवायचं ते पितळी टोपण कायम जवळ असतं. वजन नाही की जागा नाही, आणि कुणाचाही पंप चालतो.

सांजवारा
१६ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची नळकांडी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा: हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो. पहिल्यांदा वापरली तेव्हा दुसऱ्या दिवशी टायर मऊ. पंक्चर समजून सगळं खोललं, भोक कुठेच नाही. आता घरी आलं की तो वायू सोडून साधी हवा भरते. आणि नळकांडं उघड्या हाताने धरू नका, बर्फासारखं गार होतं, कातडी चिकटते. पंप तरीही असतोच सोबत. नळकांडं एकदाच फुटतं, पंप संपत नाही.

कडी_न_कडी
सगळे पंक्चरवरच लिहिताय. चेन तुटली तर?
माझी चढावर तुटली. चेनची दोन टोकं जोडायची जोडकडी होती, पण मागे ९ चक्रं असलेल्या (९ स्पीड) सायकलची, आणि चेन ११ची. बसणारच नाही. शेवटी चेन तोडायचं हत्यार काढून खराब कडी काढली, उरलेली चेन जोडली. आखूड झाली म्हणून पुढचं मोठं आणि मागचं मोठं चक्र एकत्र लावायचं नाही, हे मनाशी घोकत घरी आलो. तर कडी स्वतःच्या चेनचीच घ्या, आणि हत्यार घरी एकदा जुन्या चेनवर चालवून बघा.

पानशेळी
हँगर हँगर हँगर! मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्यावर लटकतो तो. सायकल उजव्या बाजूला पडली की आधी तोच वाकतो. दर सायकलचा वेगळा, आयत्या वेळी मिळत नाही. स्रॅम या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने २०१९मध्ये एक सामायिक हँगर आणलाय, पण तो तुमच्या फ्रेमला बसत असेल तरच.

जुनीपानं
कडीवरून आठवलं. १९१३च्या टूर द फ्रान्समध्ये यूजीन क्रिस्तॉफचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) टूर्मालेच्या घाटातून उतरताना मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम. सायकल खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालत तो सेंत मारी द कॉम्पानला पोहोचला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क जोडला. भाता एका मुलाने हलवला म्हणून त्याला वर दंडही झाला! वाचताना दर वेळी डोळ्यांत पाणी येतं.

मागचंचाक
@जुनीपानं, त्या मुलाचं काय झालं असेल हो पुढे?

रानवाट
हत्यारं झाली, आता माणसाचं बघा. माझा मित्र वळणावर घसरला, कोपर फाटलं. सायकलला ओरखडा नाही, आणि आम्हा चौघांत कापसाचा बोळाही नाही. टीशर्टची घडी करून दाबून धरली. दर मिनिटाला उचलून बघायची नाही, दाबूनच ठेवायची, हे मला नशिबाने माहीत होतं. आता निर्जंतुक पट्ट्या, रुंद बँडेज, एक हातमोज्यांचा जोड. शिवाय घरचा नंबर आणि रक्तगट कागदावर लिहून. फोन लॉक असतो, किंवा फुटलेला असतो.

चारशे_किमी
ब्रेव्हेवाल्यांकडून, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठणाऱ्यांकडून भर. २०० किमीला साडेतेरा तास, ४००ला २७ तास, आणि मागून मदतीची गाडी नाही. त्यामुळे रात्रीचे दिवे दोन जोड. पंपावरच चिकटपट्टीचे चार वेढे गुंडाळून ठेवतो, वेगळी जागा लागत नाही. प्लास्टिकचे बंद पाच-सहा. मडगार्ड, दिवा, एकदा तर बुटाचा तळ बांधलाय त्यांनी. टायर बाजूने फाटला तर जुन्या टायरचा तुकडा आतून लावा, नाहीतर नोटेची घडी. नोटेवर ६० किमी आलोय.

पहिलापायडल
मी नवीन आहे. मल्टीटूलमधल्या ४, ५ आणि ६च्या ॲलन (षटकोनी) चाव्या सोडून बाकी काय कशाला तेही कळत नाही. काल घरी टायर काढायचा सराव केला. निघाला, पण शेवटचा वीतभर परत चढेना. अंगठे सोलवटले. लिव्हरने रेटू का?

धागाकर्ती
अगं नको, लिव्हरने ट्यूब चिमटते. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात कर आणि व्हॉल्व्हपाशी संपव. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दोन्ही हातांनी ढकलत ये, म्हणजे शेवटाला सैल मिळते. झालं की व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोड. बाळ उठलं, बाकीच्यांना रात्री उत्तर देते.

पहिलापायडल
चढला!! लिव्हर न लावता!
उद्या दोन ट्यूब आणते. माप टायरवर वाचून घेतलंय, व्हॉल्व्हसुद्धा बघितला, बारीकच आहे.